राजापूर लोकसभा मतदारसंघ: तेरा निवडणुका, चार खासदार



२००४ सालच्या निवडणुकीपर्यंत महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांची यादी उघडली, की पहिल्याच ओळीत नाव दिसायचे: राजापूर. विधानसभेची यादीही तळकोकणातूनच सुरू व्हायची. एक सावंतवाडी, दोन वेंगुर्ले, तीन कणकवली, चार मालवण, पाच देवगड, सहा राजापूर. या सहांचा मिळून एक लोकसभा मतदारसंघ. २००८ साली पुनर्रचना झाली आणि यादी उलट्या टोकाने सुरू झाली. आता पहिला क्रमांक नंदुरबारचा. तळकोकण शोधायचे तर यादीच्या शेपटाकडे जावे लागते. तिथे ४६व्या क्रमांकावर 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' असे जोडनाव सापडते. राजापूर हे नाव विधानसभेच्या यादीत राहिले, २६७व्या क्रमांकावर. लोकसभेच्या यादीतून ते गेले.

आज या गेलेल्या मतदारसंघाविषयी बोलायचे आहे. संयोजकांनी आम्हाला विचारले, सर, आपला विषय तत्त्वज्ञान, मग हे निवडणुकांचे काय काढलेत? प्रश्न रास्त आहे. पण 'प्रतिनिधी' हा शब्द आम्ही पस्तीस वर्षे वर्गात शिकवला. कुणीतरी दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, म्हणजे नक्की काय करतो? तो माणसांच्या वतीने बोलतो, की जागेच्या? आणि माणसे जागा सोडून गेली तर? हे प्रश्न पुस्तकातून शिकवले, पण त्यांचे उत्तर आमच्याच मुलखात घडत होते, आणि आमचे तिकडे लक्ष नव्हते. त्याचीही कबुली शेवटी द्यायची आहे.

आधी इतिहास. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मोठा, मंडणगड-दापोलीपासून थेट सावंतवाडीपर्यंत. त्याचे दोन मतदारसंघ होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. १९५७ साली दक्षिणेकडच्याला राजापूर हे नाव मिळाले. नाव तसे मानाचे. अर्जुना नदीकाठचे हे जुने बंदर, इथे इंग्रजांची वखार होती, १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण गंमत बघा. ज्या गावाचे नाव दिले ते मतदारसंघाच्या पार उत्तरेच्या टोकाला. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागातल्या माणसाचा राजापूरशी रोजचा संबंध फारसा नव्हता. पुढे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघ नव्या जिल्ह्यात गेले आणि राजापूर एकटे रत्नागिरी जिल्ह्यात राहिले. म्हणजे नाव एका जिल्ह्यातले आणि बहुतेक मतदार दुसऱ्या जिल्ह्यातले. तरीही लोकांनी ते नाव आपले मानले. त्याला कारण गावापेक्षा माणसे होती.

१९५७ ते २००४ या काळात राजापूरने तेरा निवडणुका पाहिल्या आणि फक्त चार खासदार दिल्लीला पाठवले. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्रा. मधू दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. तेरापैकी काँग्रेसला यश आले ते एकदाच, १९९१ साली. देशात आणि राज्यात काँग्रेसचे राज्य असताना या एका कोपऱ्याने सतत वेगळा माणूस निवडला.

पहिले नाथ पै. जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ले. बेचाळीसच्या आंदोलनात उतरलेले, पुढे विलायतेत जाऊन बॅरिस्टर झालेले, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष राहिलेले. १९५७ साली ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे उभे राहिले, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत. त्याच लाटेत शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. तेव्हा कुणी म्हणाले असेल, हा लाटेचा विजय. पण १९६२ साली ती लाट ओसरली होती, संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, राज्यातल्या बहुतेक सगळ्या जागा काँग्रेसने जिंकल्या, तरी राजापुरातून नाथ पैच निवडून गेले. १९६७ सालीही तेच.

आम्ही त्या वेळी शाळेत होतो. मत द्यायचे वय नव्हते, सभेला जायचे होते. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावापासून दोन कोसांवर बाजाराच्या मैदानात सभा. पेट्रोमॅक्सचे दोन दिवे, पुढे बसलेल्या बायका, मागे उभे असलेले पुरुष आणि कडेला आम्ही पोरे. झोपडी हे निवडणूकचिन्ह कापडावर रंगवलेले. ते काय बोलले यातले एक वाक्यही आम्हाला आज सांगता येणार नाही, आणि आठवते असे सांगितले तर ते खोटे होईल. आठवते ते एवढेच, की परत येताना वडील एरवीसारखे भरभर चालत नव्हते. प्राथमिक शिक्षक होते ते. वाटेत कुणाशी तरी म्हणाले, आपल्यातला माणूस आहे, पण आपल्यापुरता नाही. त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही.

तो अर्थ पुढे कळला. १९६७ची निवडणूक फेब्रुवारीत झाली, आणि ती आटोपून आठवडा होतो न होतो तोच, २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ खटल्याचा निकाल आला. अकरा न्यायाधीशांचे पीठ, सहा विरुद्ध पाच असा निकाल. संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असे त्यात ठरले. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असला पाहिजे, कारण संसदेमागे लोक आहेत, असा त्याचा गाभा. घटनाशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ओळखले जाते.

आता विचार करा. वेंगुर्ल्याच्या, देवगडच्या मतदाराला या विधेयकाचे काय? त्याला रस्ता हवा, पूल हवा, पोराला नोकरी हवी. एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सुनावले होते, की प्रतिनिधी आपली विवेकबुद्धी तुमच्या मतापुढे गहाण टाकत नाही, आणि तो संसदेत जातो तो ब्रिस्टलपुरता नव्हे, साऱ्या राष्ट्राचा सभासद म्हणून. आम्ही हे दरवर्षी शिकवायचो. त्याच्या पुढचा भागही शिकवायचो: सहा वर्षांनी ब्रिस्टलने बर्कला निरोप दिला. तळकोकणाने मात्र नाथ पैंना निरोप दिला नाही. दिल्लीत जाऊन घटनेवर वाद घालणारा माणूस आपला, याचा अभिमान इथल्या गरीब माणसाला वाटत होता. आमच्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ हाच होता.

ते विधेयक मंजूर झाले नाही. डिसेंबर १९७०मध्ये लोकसभा विसर्जित झाली, आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. वय अवघे ४८. पुढच्या निवडणुकीला दोन महिनेही उरले नव्हते.

त्यांच्या जागी प्रजा समाजवादी पक्षाने मधू दंडवते यांना उभे केले. जन्म अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९५५च्या गोवा सत्याग्रहात भाग घेतलेला हा माणूस तळकोकणचा नव्हता. म्हणजे बघा, कोकण आपली माणसे मुंबईला गिरणीत पाठवत होते आणि मुंबईचा एक प्राध्यापक आपला प्रतिनिधी म्हणून घेत होते. १९७१ साली 'गरिबी हटाव'च्या वाऱ्यात ते निवडून आले. नंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९. यातली १९८४ची निवडणूक विशेष आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होते.

घटनेचा धागा इथे पुन्हा येतो. नाथ पै ज्या अधिकारासाठी भांडले, तो अधिकार इंदिरा गांधींच्या सरकारने १९७१ साली २४व्या घटनादुरुस्तीने संसदेकडे घेतला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही असे कुंपणही घातले. मग आणीबाणी आली. जून १९७५मध्ये दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला गेले होते, तिथेच वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर त्यांना अटक झाली. आणीबाणीतच, १९७६ साली, ४२वी घटनादुरुस्ती झाली. म्हणजे राजापूरच्या पहिल्या खासदाराने ज्या अधिकाराची बाजू मांडली, तोच अधिकार वापरून, त्याच मतदारसंघाचा दुसरा खासदार ज्या राजवटीत गजाआड गेला त्या राजवटीत घटना वाकवली गेली. यात नाथ पैंचा दोष आम्ही मानत नाही. लोकांवर विश्वास ठेवणारा माणूस सत्ता कुणाच्या हाती जाईल याची हमी देऊ शकत नाही. १९७७ साली जनता सरकार आले, दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ४२वीतला बराचसा भाग दुरुस्त झाला.

बराचसा म्हटले, सगळा नाही. ४२व्या दुरुस्तीत एक कलम होते, ज्याच्याकडे आमच्या भागात कुणाचे लक्ष गेले नाही. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या. २००१ची जनगणना होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असे ठरले. उद्देश असा, की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केले त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. ते कलम ४४व्या दुरुस्तीनंतरही कायम राहिले. राजापूर मतदारसंघाचे पुढचे आयुष्य या गोठवणीवर उभे होते. तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हते.

रेल्वेची गोष्ट सांगितल्याशिवाय दंडवत्यांची गोष्ट पूर्ण होत नाही. नाथ पैंनी कोकण रेल्वेची मागणी लावून धरली होती. दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा देशाला मिळाले काय, तर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या, आणि १९७४च्या संपात नोकरी गेलेले कामगार परत कामावर घेतले गेले. आपल्या मतदारसंघात मात्र ते गाडी आणू शकले नाहीत. रेल्वेमंत्री आमचा, आणि रेल्वे बघायला आम्ही कोल्हापूरला जायचो, असा विनोद तेव्हा चालायचा. १९८९ साली ते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. तेव्हा मार्ग निघाला. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात हे काम बसत नव्हते. म्हणून वेगळे महामंडळ काढले, त्यात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला, आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा असे ठरले. जुलै १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले. नोव्हेंबरमध्ये सरकार पडले. १९९१च्या निवडणुकीत दंडवते पडले. रोहा ते मंगळुरू ७४१ किलोमीटरची अखंड वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली, तेव्हा ते राजापूरचे खासदार नव्हते.

तिसरे खासदार सुधीर सावंत, सैन्यातले अधिकारी, काँग्रेसचे. त्यांच्या वाट्याला एकच कार्यकाळ आला. पण १९९१चा निकाल छोटा मानू नये. मुंबईत राहणाऱ्या मुलांच्या मतांचा वारा आता गावात पोचू लागला होता. समाजवादी विचार मास्तर-कार्यकर्त्यांच्या बैठकीतून पसरला होता. शिवसेना मुंबईच्या चाळीतून, गणपतीला घरी येणाऱ्या पोरांबरोबर आली. १९९६ साली धनुष्यबाणावर सुरेश प्रभू निवडून आले, सनदी लेखापाल, सहकारी बँकेच्या कारभारातून पुढे आलेले. मग १९९८, १९९९ आणि २००४. वाजपेयी सरकारात ते मंत्री होते. ऊर्जा खात्यात चांगले काम चालू असताना २००२ साली पक्षाच्या सांगण्यावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. बर्कच्या यादीत राष्ट्र आणि मतदार असे दोनच धनी होते. इथे तिसरा धनी दिसतो, पक्ष. पुढे २०१४ ते २०१७ प्रभू रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते राज्यसभेत होते. चार खासदारांपैकी दोघे रेल्वेमंत्री. एकाच्या वेळी मतदारसंघ होता आणि रेल्वे नव्हती, दुसऱ्याच्या वेळी रेल्वे होती आणि मतदारसंघ नव्हता.

तो का नव्हता, हे आता बघू. इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते सोपे आहे.

२००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला गेला. राज्याराज्यांतल्या एकूण जागा गोठलेल्याच राहिल्या, पण राज्याच्या आतली वाटणी २००१च्या जनगणनेप्रमाणे करायची असे ठरले. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख, विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की दर जागेमागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसे येतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६९ हजार, म्हणजे अडीचच्या थोडे वर, म्हणजे तीन जागा. रत्नागिरीची १६ लाख ९७ हजार, म्हणजे पाच. एकूण आठ. आधी या दोन जिल्ह्यांत मिळून बारा होत्या. सिंधुदुर्गाच्या पाचाच्या तीन झाल्या, वेंगुर्ले, मालवण, देवगड ही नावे गेली आणि कुडाळ हे नाव आले. लोकसभेच्या एका जागेला विधानसभेच्या सहा लागतात. आठांतून सहा काढल्या की दोन उरतात. म्हणून दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा एकच मतदारसंघ झाला. दोन टोकांत रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर. १९ फेब्रुवारी २००८ पासून हे लागू झाले. घटनेच्या ३२९व्या कलमामुळे याविरुद्ध न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळजवळ बंदच असतो.

यात कुणाचे कारस्थान नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या भागात 'कोकणावर अन्याय' हे वाक्य फार लवकर तोंडात येते. भागाकार बरोबर होता. १९७१ साली अखंड रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे २० लाख माणसे होती. तीस वर्षांनी दोन्ही जिल्हे मिळून साडेपंचवीस लाखांच्या थोडी वर. तेवढ्या काळात महाराष्ट्र ५ कोटींवरून पावणेदहा कोटींकडे गेला. राज्य जवळजवळ दुप्पट, आमचा मुलूख सव्वापटीच्या थोडा वर. मग माणसे गेली कुठे? त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या. सगळे ठाणे काही कोकण्यांनी भरलेले नाही, देशभरची माणसे तिथे आहेत. पण डोंबिवली, कळवा, विरार, नालासोपारा इथल्या कोणत्याही चाळीत जाऊन विचारा, गाव कोणते?

कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. आधी वेंगुर्ल्याहून, मालवणहून बोटीने, मग एसटीने, मग रेल्वेने माणसे जात राहिली. मागे कोण राहिले हेही जनगणनेत दिसते. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या आणि सिंधुदुर्गात १०७९. तेव्हा सबंध देशात बायका पुरुषांपेक्षा कमी होत्या. हे आकडे वाचून बाहेरचा माणूस म्हणतो, वा, स्त्रियांची स्थिती चांगली दिसते. स्थिती अशी, की नवरे आणि मुले मुंबईत. ती जनगणना फेब्रुवारीत झाली, शिमग्याच्या आधी. गावात माणसे असतात ती गणपतीत आणि शिमग्यात. अर्थात शिमग्यात मोजले असते, तरी नियमाप्रमाणे ती पाहुणीच ठरली असती.

निवडणुकीचा कायदाही तेच सांगतो. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणसाचे नाव तो जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथल्या यादीत असावे, एकाच यादीत असावे, आणि केवळ घर आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. तात्पुरता बाहेर गेला तर रहिवास तुटत नाही, असेही कायद्यात आहे. पण चाळीस वर्षे तात्पुरती कशी म्हणायची? चाकरमानी स्वतः तसे म्हणतो. मुंबईत जन्म गेला तरी तो 'गावाक' जातो आणि मुंबईला 'कामाला' असतो. त्याच्या मनातला मतदारसंघ एक, यादीतला दुसरा.

यावर उपाय काय? जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली प्रातिनिधिक शासनावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने टॉमस हेअरची योजना उचलून धरली: मतदारसंघ जमिनीवर आखूच नयेत, देशभर विखुरलेल्या मतदारांनी आपापल्या मनाने एकत्र येऊन प्रतिनिधी निवडावा. ही योजना असती तर लालबागचा गिरणीकामगार आणि देवगडची त्याची म्हातारी आई एकाच प्रतिनिधीला मत देऊ शकली असती. ऐकायला छान वाटते. पण मग देवगडच्या खाडीवरच्या पुलासाठी कुणाकडे जायचे? ज्याचे घर त्या पुलापलीकडे आहे, त्याचा आवाज लांब बसलेल्यांच्या आवाजात बुडाला असता.

उलट टोकही बघितले पाहिजे. जागेला मान द्यायचा म्हणून माणसे नसली तरी जागा ठेवायची, हे इंग्लंडने करून पाहिले. ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीचे दोन प्रतिनिधी १८३२ सालापर्यंत पार्लमेंटात बसत. राजापूर मतदारसंघ माणसे कमी होऊनही तसाच ठेवला असता, तर ठाण्यातल्या मजुराच्या मताची किंमत आमच्या मतापेक्षा कमी झाली असती. बत्तीस वर्षे ती तशी होतीच. गोठवणीचा फायदा आम्ही घेतला होता. समतेची भाषा करणारे नाथ पै आणि दंडवते ज्या भागाने निवडले, त्या भागाने एक माणूस, एक मत, एक किंमत हे तत्त्व स्वतःवर आल्यावर नाकारावे, हे आम्हाला पटत नाही.

मग काहीच चुकले नाही का? चुकले. पण ते २००८ साली चुकले नाही. पुनर्रचनेच्या कायद्यात लोकसंख्येबरोबर भूगोल, जिल्ह्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघायला सांगितले आहे, 'शक्यतोवर'. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आयोगाला याहून वेगळे फार काही करता आले असते असे वाटत नाही. चूक आधीच्या पन्नास वर्षांची आहे. आम्ही दिल्लीला मोठी माणसे पाठवली आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट जोर लावून मागितली, रेल्वे, म्हणजे जाण्या-येण्याची सोय. इथे राहता यावे म्हणून काय हवे, ते मागण्यात तेवढा जोर लावला नाही. रेल्वे आली, ती फार उपयोगाची आहे, तिच्याविरुद्ध एक शब्दही आम्ही बोलणार नाही. पण २००१ ते २०११ या दशकात, रेल्वे धावत असताना, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या नुसती मंदावली नाही, प्रत्यक्ष घटली. रत्नागिरी १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजारांवर.

हा विषय जुना झाला असे कुणी समजू नये. राज्याराज्यांमधली गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. ती उठली की केरळ, तमिळनाडू यांच्यापुढे तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येईल, जो राजापूरपुढे आला: आमची संख्या वाढली नाही, म्हणून आमचा आवाज कमी करायचा का? त्यांचे कारण कुटुंबनियोजनाचे आणि आमचे स्थलांतराचे, हा फरक आहे. पण भागाकार तोच आहे. तो भागाकार रागावून थांबत नाही, हे राजापूरने पाहिले आहे. आणि तो भागाकार म्हणजे सगळा न्याय नव्हे, हेही पाहिले आहे.

सुरुवातीला कबुली द्यायची म्हटले होते. आमचे मतदारयादीतले नाव १९७४ पासून मुंबईत आणि नंतर ठाणे जिल्ह्यात आहे. नोकरी लागली, बिऱ्हाड केले, मुले इथेच वाढली. गावचे घर आहे, चतुर्थीला उघडतो, अकरा दिवसांनी कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकींकडे देतो. राजापूर मतदारसंघात आम्ही आयुष्यात एकदाही मत दिले नाही. नाथ पैंच्या सभेला गेलो तेव्हा वय नव्हते. वय झाले तेव्हा गाव सोडले होते. २००१ साली गणतीदार आमच्या ठाण्याच्या घरी आला, चहा घेतला, पाच माणसे लिहून घेतली. ती पाच माणसे ठाण्याच्या २४ जागांत गेली आणि राजापूरच्या सहांतून वजा झाली. राजापूरवर अन्याय झाला असे म्हणताना बोट कुणाकडे दाखवायचे, हा प्रश्न म्हणून आम्हाला अवघड जातो.

वडील शेवटपर्यंत गावातच होते, १९८९ सालीही त्यांनी दंडवत्यांना मत दिले. मतदानानंतर बोटाची शाई दाखवत त्यांनी आम्हाला पत्र लिहिले असते तर बरे झाले असते, पण तसे काही झाले नाही. गणपतीत भेटलो तेव्हा त्यांनी फक्त विचारले, तुझे नाव अजून तिकडेच का? आम्ही हो म्हटले आणि विषय बदलला.

इथे थांबतो. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ. ज्यांचे गाव त्या जुन्या सहांपैकी एकात आहे, त्यांनी आधी विचारावे.